नाकारलेला माल

संपत कुशारेंनी आपल्या मुलीचं नाव घेतलं, तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत खूश झालेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे स्वतः संपत कुशारे.

"रेवती संपत कुशारे," भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बघत ते खणखणीत आवाजात म्हणाले. "माझी थोरली मुलगी. रेघ तीच मारील."

खणखणीत म्हणावं असं त्यांच्याजवळ आता आवाजाशिवाय काही उरलं नव्हतं. औषधांनी डोक्यावरचे केस नेले होते. ज्या मिशीला निफाड तालुक्यातले द्राक्षांचे व्यापारी वचकून असत, ती मिशीही नेली होती. अंगातला सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. पण माणूस काही नरम पडला नव्हता. नाव घेऊन झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, इथलं आपलं काम संपलं असं समजून.

त्यांचा मुलगा प्रज्वल खुर्चीतून अर्धा उठला. "नाना, अहो, मी आहे ना इथं! मी असताना तिला कशाला मधे घालता?"

"तिला रेघा मारायची लय हौस आहे," नाना डोळे न उघडता म्हणाले. "मारू दे की."

'ती' तिथेच, हातभर अंतरावर बसली होती. रेवतीचे कान तापले. गेले चार हंगाम नाना तिच्याशी थेट बोलत नव्हते. बोलायचं झालंच तर मध्ये कुणीतरी लागायचं. कधी प्रज्वल, कधी शेजारीण, आणि एकदा तर गोठ्यातली गाय. 'विचार तिला, जेवून जाणार का,' असं त्यांनी गायीला सांगितलं होतं. रेवतीही त्यांचीच मुलगी. तीही न जेवता निघून गेली होती.

भांडण द्राक्षांचं होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या औषधाचा अंश किती उरलाय, हे तपासायचं रेवतीचं काम. पॅकहाउसवर जायचं, क्रेटमधून नमुने काढायचे, जागेवरच यंत्राला लावायचे आणि माल पास की नापास ते सांगायचं. चार हंगामांपूर्वी तिच्यापुढे नानांचाच माल आला. एक औषध मर्यादेच्या वर निघालं. फार नाही, केसभर. नाना म्हणाले, दुसरा नमुना काढ. दुसरा नमुना काढायचा की नाही, हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि ही गोष्ट तिथं घड कापत बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होती. बागाईतदार उभे होते, निर्यातदाराचा माणूस उभा होता, कंटेनर दार उघडून उभा होता. रेवतीनं नानांकडे बघितलं आणि कुठल्याही बागाईतदाराला म्हणावं तसं म्हणाली, "नमुना एकदाच निघतो, कुशारे. माल नापास."

कंटेनर रिकामा परत गेला. पण नानांच्या डोक्यात राहिला तो कंटेनर नव्हे, तो 'कुशारे'. पोटच्या पोरीनं चारचौघांत बापाला आडनावानं हाक मारली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव 'कुशारेबाई' पडलं.

डॉ. शमीम पिरजादेंना यातलं काही माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्यांना त्याचा उपयोग नव्हता. नाशकातल्या त्या रुग्णालयात मज्जारोपणाचा विभाग त्या सांभाळत. खोलीत ताण आहे हे त्यांना दिसलं, पण ताण नसलेलं कुटुंब त्यांच्या खोलीत येतच नसे. त्यांनी पडद्यावर हाडाचं चित्र लावलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मज्जेत. नानांच्या मज्जेत कर्करोग आहे. पहिल्या औषधांनी तो दबलाय, गेलेला नाही. आता जे जहाल औषध द्यायचंय, त्यानं रोग मरेल आणि त्याबरोबर सगळी मज्जाही मरेल. म्हणून मज्जा आधी बाहेर काढून ठेवायची, औषध द्यायचं आणि मग ती परत सोडायची. ती हाडांत जाऊन रुजते आणि नवं रक्त करायला लागते. दुसऱ्या कुणाची मज्जा चालली असती, पण या वयात परकी मज्जा शरीरावरच उलटते. म्हणून स्वतःचीच बरी."

"पण तिच्यात रोग आहे ना?" प्रज्वलनं विचारलं.

"तेच सांगते. पूर्वी हाच घोळ व्हायचा. माणूस धुऊन काढायचा आणि काढून ठेवलेल्या मज्जेतून रोग पुन्हा त्याच्याच अंगात सोडायचा. आता आपल्याकडे नीरक्षीर आहे."

नीरक्षीर हे यंत्राचं नाव. ते बनवणारे पुण्याचे होते, त्यामुळे नाव असं असणारच. सगळं रुग्णालय त्याला नुसतं 'हंस' म्हणायचं. तळघरातल्या थंड खोलीत कपाटाएवढा हंस बसलेला असे. मज्जेतली एकेक पेशी तो केसाहून बारीक नळीतून एकामागोमाग एक सोडायचा. पेशीच्या अंगावरच्या खुणा तपासायचा, तिला हलकेच दाबून ती किती ताठ आहे ते बघायचा, आणि शेवटी विजेची एक सूक्ष्म टिचकी मारून ती कशी दचकते हे टिपायचा. एवढ्यावरून तो प्रत्येक पेशीला शून्य ते शंभरमध्ये एक संशयांक द्यायचा. शून्य म्हणजे निर्मळ, शंभर म्हणजे उघड उघड कर्करोग.

"दोन्ही टोकांना हंस चुकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गोची आहे ती मधल्यांची. नवं रक्त करणाऱ्या ज्या अस्सल मूळपेशी असतात, त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. आणि कर्करोगातल्या सगळ्यांत चिवट पेशी, त्याही झोपलेल्या असतात. झोपलेला साधू आणि झोपलेला चोर हंसाला सारखेच दिसतात. संशयांकावर कुठेतरी रेघ मारावी लागते. रेघेच्या खालच्या पेशी परत द्यायच्या, वरच्या नाकारायच्या. रेघ खाली मारली तर रोग जातो, पण बियाणंही जातं आणि मज्जा रुजत नाही. वर मारली तर मज्जा रुजते, पण चोर आत येतात."

"मंग तुम्हीच मारा ना रेघ. डॉक्टर तुम्ही आहात."

डॉ. पिरजादे हसल्या. हे हसू त्यांनी खास या प्रश्नासाठी राखून ठेवलं असावं. हंस आल्यावर पहिल्या काही वर्षांत रेघ डॉक्टरच मारत. मग एकाचा रोग उलटला म्हणून डॉक्टर कोर्टात गेले, दुसऱ्याची मज्जा रुजली नाही म्हणून तेच डॉक्टर पुन्हा कोर्टात गेले. डॉक्टर लोक शहाणे. त्यांनी सरकारच्या मागे लागून कायदाच करून घेतला. आता रेघ मारायची ती रुग्णानं किंवा त्यानं कॅमेऱ्यासमोर नाव घेतलेल्या नातेवाइकानं. डॉक्टरनं आकडे दाखवायचे, पण सल्ला द्यायचा नाही. दिला तर परवाना रद्द. एवढं हुशार यंत्र माणसानं बनवलं आणि शेवटचा निर्णय अशा माणसाच्या गळ्यात टाकला, ज्याला रात्री झोप लागत नाही.

नानांनी डोळे उघडले. "कुशारेबाईंना कळलं का सगळं, विचार," ते प्रज्वलला म्हणाले.

"कळलं," रेवती म्हणाली.

आणि खरंच, तिला सगळं कळलं होतं. नाना तिला मान देत नव्हते, पेचात पकडत होते. रेघ वर मारली, तर नाना जन्मभर म्हणणार की बापाचा माल म्हटल्यावर मर्यादा वाढवली बरं का कुशारेबाईंनी, मग द्राक्षांच्या वेळी काय झालं होतं? खाली मारली आणि नाना गेले, तर खापर आयतंच तिच्या डोक्यावर. मरतानासुद्धा जिंकायची सोय करून ठेवणारा माणूस होता तो.

प्रज्वल दुसऱ्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला. बाहेर नमुन्यांच्या पेट्या घेऊन लोक ताटकळले होते, त्यांच्यासमोरच त्यानं सुरुवात केली.

"ताई, तू नाही म्हण. नाव मागं घे. नानांना मी समजावतो."

"नानांनी माझं नाव घेतलंय."

"रागानं घेतलंय! तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मंग? तू कुठं मारणार रेघ?"

"अजून बघितलेलं नाही."

"मी सांगतो कुठं मारशील ते." प्रज्वलचा आवाज चढला. "पार खाली. तुला दुसरं येतंच काय? संशय आला की बाहेर, हेच ना तुमचं? ताई, तो माल नाही, घरचा माणूस आहे."

"म्हणूनच," रेवती म्हणाली. "एकसुद्धा खराब पेशी परत गेली तर नाना पुन्हा याच्यातून जाणार. तेव्हा तू असशील का रेघ मारायला?"

"असेन की. निदान मी त्यांना कुशारे तरी म्हणणार नाही."

रेवतीनं हातातला नमुना टेबलावर ठेवला. "चालता हो," ती म्हणाली. "माझी माणसं खोळंबलीत."

तो गेला, पण जाता जाता बोलून गेलाच. नाना गेले की तुझ्या मनासारखं होईल, असं काहीतरी. पेट्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी ते नीट ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत तालुक्यात पोचवलं.

नानांची मज्जा काढून झाल्यावर डॉ. पिरजादेंनी रेवतीला तळघरात नेलं. हंसानं काम संपवलं होतं. पडद्यावर दोन वक्र रेषा होत्या. मज्जा न रुजण्याचा धोका डावीकडून उतरत आलेला, रोग उलटण्याचा धोका उजवीकडे चढत गेलेला. मध्ये, जिथं दोन्ही धोके कमी, तिथं पसरट खोलगा होता, तिसाच्या जरा पुढे. खाली काचेवर एक सरकती खूण होती, बोटानं ओढायची.

रेवती आकड्यांत वाढलेली बाई. त्या खोलग्याचा अर्थ तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. कुणा परक्याची मज्जा असती, तर तिनं डोळे झाकून पस्तिसावर खूण ठेवली असती आणि घरी जाऊन जेवली असती. तिनं बोट पस्तिसावर नेलंही. मग तिच्या कानात नानांचा आवाज आला. 'मर्यादा वाढवली बरं का कुशारेबाईंनी.' बोट आपोआप डावीकडे सरकलं. तिसावर आलं, पंचविसावर आलं. तिथंही तो आवाज थांबेना.

तिनं मनाला समजावलं. पॅकहाउसवर एक खराब मणी दिसला की बाई अख्खा घड बाजूला काढते, त्यात कुणाचं वाईट होत नाही. नाकारण्यात कधीच धोका नसतो. धोका असतो पास करण्यात. नाकारलेली द्राक्षं इथल्या बाजारात जातात, बेदाण्याला जातात, आणि पुढच्या हंगामात वेल पुन्हा फळतो. सगळं आयुष्य तिनं याच हिशेबानं काढलं होतं. या खेपेला वेल एकदाच फळणार आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिनं ते कानाआड केलं असेल.

तिनं खूण पंधरावर आणून सोडली.

डॉ. पिरजादेंनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा विचारते. नक्की?"

कायद्यानं एवढंच बोलता येत होतं. आपण किती हट्टी दिसतोय हे रेवतीला कळत होतं, पण त्या क्षणी तिला हट्टी दिसायचंच होतं. "डॉक्टर, मी रोज हेच काम करते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पंधराच्या वरचं सगळं गोठवायला पाठवलं. मज्जा रुजेपर्यंत नाकारलेला भाग फेकायचा नाही, असा नियम होता. जहाल औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

औषधानं नानांच्या तोंडाची आतून चाळण झाली. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. काचेच्या खोलीत त्यांना एकटं ठेवलं होतं आणि आत फक्त सिस्टर गावित जायच्या. सुरगाण्याकडच्या या सिस्टर बारीक चणीच्या आणि मोठ्या तोंडाच्या होत्या. नाना त्यांच्याशी भांडत, त्या नानांशी भांडत, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. मग गाळलेली मज्जा नळीतून आत सोडली. एवढीशी पिशवी. नानांनी तिच्याकडे बघून विचारलं म्हणे, "बस? एवढीच ठेवली कुशारेबाईंनी?"

मज्जा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुजते. रोज सकाळी रक्त तपासतात आणि पांढऱ्या पेशी दिसायला लागल्या की सगळा विभाग हसायला लागतो. नानांच्या अहवालात रोज शून्य येत होतं. दुसरा आठवडा गेला, तिसरा संपत आला, शून्य काही हलेना. मग ताप चढला. अंगात लढायला एकही पेशी नसलेल्या माणसाला ताप म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

प्रज्वलनं तिला विभागाच्या दारातच गाठलं. दोन्ही बाजूंच्या बाकांवर दुसऱ्या रुग्णांचे नातेवाईक बसले होते.

"बघितलं?" तो ओरडला. "बघितलं ना? लोकहो, ही माझी सख्खी बहीण. बापाची रक्ताची बी हिनं चाळून फेकून दिली! खराब आहे म्हणून!"

"प्रज्वल, हळू."

"का हळू? तू बोलली होतीस का पॅकहाउसवर हळू? सगळ्या जगासमोर बोलली होतीस!"

रेवतीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तो म्हणतोय ते खरं आहे हेही कळलं. मग त्याला बाजूला सारून ती डॉ. पिरजादेंच्या खोलीत शिरली आणि दार न लावता म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"पंधरावर रुजणार नाही हे. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"रुजणं अवघड आहे एवढं माहीत होतं. ते तुमच्यासमोर पडद्यावर होतं."

"तोंडानं बोलला असता तर जीभ झडली असती का?"

"परवाना झडला असता," डॉ. पिरजादे म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता डॉक्टरचा राहिला नव्हता. "आणि मी बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं? 'मी रोज हेच काम करते' म्हणाला होतात. दोनदा विचारलं मी. दोनदा विचारणं हीच आमची बोंब असते, रेवतीताई. त्याहून मोठ्यानं ओरडता येत नाही आम्हाला."

मग डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"गोठवलेलं आहे अजून. रेघ मागे घेता येते. पण ती मागे घ्यायला तुम्हीच लागता, आणि नवी रेघ पुन्हा तुम्हीच मारायची. माझ्याकडे बघू नका, मी सांगू शकत नाही. एवढं बघून ठेवा की ताप थांबत नाही, आणि या वेळी मज्जा रुजली नाही तर पुढे विचारायला कुणी राहणार नाही."

पडद्यावर तेच दोन वक्र होते. फरक इतकाच, की दुबळ्या शरीरात मज्जा रुजायला आता आणखी बियाणं लागणार होतं. खोलगा उजवीकडे सरकून साठाच्या आसपास गेला होता. साठापर्यंतचं परत द्यायचं म्हणजे चोरांना हाताला धरून घरात आणायचं. रोग उलटण्याचा धोका तिथं निम्म्याहून खूप वर होता.

रेवती काचेच्या खोलीपाशी गेली. भेटणाऱ्यानं बाहेरून फोन उचलायचा, आत रुग्णाच्या उशाशी दुसरा फोन. सिस्टर गावितांनी तो नानांच्या कानाशी धरला.

"नाना, मी रेवती."

नाना सिस्टरकडे बघत कसेबसे बोलले. "काय म्हणतात बाई, विचारा."

"मी नाही विचारत," सिस्टर गावित म्हणाल्या. "तुम्हाला तोंड आहे, तिला कान आहेत. मला तिकडच्या खाटेवर काम आहे." फोन उशीवर ठेवून त्या खरोखरच निघून गेल्या.

आता खोलीत नानांशिवाय कुणी नव्हतं. काचेपलीकडे मुलगी, अलीकडे ते, आणि मध्ये सलाइनचा स्टँड. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले, ताप अंगात मावत नाही, आणि तरीही हा गृहस्थ नजर सलाइनच्या स्टँडवर लावून म्हणाला, "विचार तिला, काय काम आहे."

रेवतीला इतका संताप आला की डोळे भरले. मरायला टेकलेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

"काम हे आहे," ती म्हणाली, "की माझी रेघ चुकली. मी ती तुमच्यासाठी मारली नाही, तुमच्या नाकावर टिच्चून मारली. पस्तिसावर मारायला हवी होती, मी पंधरावर मारली. आता तो नाकारलेला माल परत घ्यायचाय. थोडा घेतला तर रुजणार नाही. जास्त घेतला तर रोग परत येणार. तुम्ही सांगा."

नानांची नजर स्टँडवरून हलली नाही.

"तिला म्हणावं," ते म्हणाले, "हे 'चुकलं' पॅकहाउसवर सगळ्यांसमोर म्हणाली असती, तर बरं झालं असतं."

"तेव्हा चुकलं नव्हतं!" रेवती काचेवर हात आपटत म्हणाली. "तुम्ही फवारलं होतं, नाना. काढणी तोंडावर असताना फवारलं. फवारणीचा ड्रोन नोंद ठेवतो म्हणून हातपंपानं फवारलं. मला तुमच्या मोटारीत वास आला होता!"

नानांचे ओठ हलले. हसण्याचाच काहीतरी प्रकार असावा, पण तोंडातल्या जखमांनी तो पुरा होऊ दिला नाही.

"ठाऊकाय म्हणावं मला," ते स्टँडला म्हणाले. "मी कधी म्हटलं, माल चांगला होता?"

मग दम लागला म्हणून ते थांबले. रेवती फोन घट्ट धरून उभी होती.

"आणि सांग तिला, परत घ्यायचा तर हात आखडता घेऊ नको म्हणावं. रोग यायचा तर येऊ दे. त्याला यायला तरी माणूस जागेवर पाहिजे ना."

रेवतीनं फोन ठेवला आणि तळघरात जाऊन खूण साठावर नेली. बोट मध्ये कुठं थांबलं नाही. डॉ. पिरजादेंनी विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही," रेवती म्हणाली. "पण साठ."

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नाकारलेला माल त्याच दुपारी नानांच्या अंगात परत गेला. मधले दिवस वाईट होते. नाना बरळत होते, बागेला पाणी सोडा म्हणून ओरडत होते, कुणाला तरी शिव्या घालत होते. प्रज्वल आणि रेवती बाकाच्या दोन टोकांना बसून राहत आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. सिस्टर गावित चहा आणून मधोमध ठेवत. तो तिथंच थंड व्हायचा, कारण उचलायला पुढे कोण होणार?

मग एका सकाळी अहवालात शून्याच्या जागी एक बारीकसा आकडा आला. दुसऱ्या दिवशी तो दुप्पट झाला. ताप उतरला. नानांनी सिस्टरना पातळ वरण आणायला सांगितलं, आणि आलेलं वरण कुत्रंसुद्धा खाणार नाही, असंही सांगितलं. त्या दिवशी सगळा विभाग हसला.

घरी सोडायच्या दिवशी डॉ. पिरजादेंनी तिघांना समोर बसवलं आणि काही झाकून ठेवलं नाही. मज्जा छान रुजली होती. पण तिच्यासोबत झोपलेले चोरही आत गेले होते आणि ते कधीतरी जागे होणार होते. दोन वर्षांनी होतील, चार वर्षांनी होतील. म्हणून अंग धरलं की नानांची थोडी मज्जा पुन्हा काढून ठेवायची, आणि वेळ आली की हंसही पुन्हा, रेघही पुन्हा.

नाना व्हीलचेअरवर बसून हे सगळं परक्याची गोष्ट ऐकावी तसं ऐकत होते. डोक्यावर नुकतीच लव फुटली होती, मिशीची मात्र अजून वाट बघायची होती.

"मंग डॉक्टर, ते नाव आत्ताच बदलून घेऊ," प्रज्वल पुढे सरकला. "रेघ मारणाराचं. ताईच्या जागी माझं घाला. कॅमेरा लावा, नाना सांगतील. सांगा, नाना."

डॉ. पिरजादेंनी कॅमेरा सुरू केला. रेवती खिडकीबाहेर बघत होती. तिला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि घालायचा तरी काय, तोंड होतं कुठे?

"नाव आहे ते राहू द्या," नाना म्हणाले.

"नाना!" प्रज्वल भडकला. "अहो, मारलं होतं तिनं तुम्हाला! थोडक्यात वाचलात!"

"व्हय. मारलंच होतं." नानांनी मान वळवली आणि मुलाकडे नीट बघितलं. "म्हणून तर. हिची चूक करून झालीय. तुझी अजून व्हायचीय."

डॉक्टरांनी कॅमेरा बंद केला. रेवती उठली आणि व्हीलचेअर ढकलायला लागली, कारण कुणीतरी ढकलायला हवीच होती.

खाली मोटार उभी होती. प्रज्वल फणफणत पुढे बसला. रेवतीनं नानांना काखेत हात घालून उचललं. काडीसारखे हलके झाले होते. मागच्या सीटवर त्यांना टेकवून बसवलं, पाय आत घेतले आणि वळसा घालून ती दुसऱ्या बाजूनं त्यांच्या शेजारी येऊन बसली. दोघांच्या मध्ये औषधांची पिशवी होती. पुढच्या आरशात प्रज्वलचे रागावलेले डोळे दिसत होते. मध्ये निरोप पोचवायला तो होता, नानांना हवा असता तर.

नानांनी त्याच्याकडे बघितलं नाही. पिशवीकडेही बघितलं नाही. चार हंगामांत पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून सरळ मुलीच्या तोंडाकडे बघितलं.

"कुशारे," ते म्हणाले, "दार नीट लागलं नाही. पुन्हा लावा."

रेवतीनं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.